साहेबांच्या पेटीतले सहा आंबे

आमच्या साहेबांचा मला अजून राग येतो. त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो, पण सुरुवात साहेबांपासून करते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ठाण्यातल्या एका खासगी लॅबमध्ये केमिस्ट होते. डोंबिवलीतल्या एका ग्राहक भांडाराला दर मे महिन्यात पाच जण रत्नागिरी हापूस पुरवायचे. त्यातला एक माझा मामा, स्वतःच्या बागेतला आंबा घेऊन येणारा. कर्नाटकचा आंबा रत्नागिरीचा म्हणून खपवतात अशी ओरड झाली, तेव्हा भांडाराने पाचही नमुने आमच्याकडे धाडले. वर नुसते नंबर, नावं नाहीत.

काम सरळ होतं. झाड मातीतून जे शोषतं ते थोडंफार फळात उतरतं. गर भट्टीत जाळायचा, राख आम्लात विरघळवायची आणि तिच्यात कुठला धातू किती ते मशीनवर मोजायचं. मग खात्रीच्या रत्नागिरी आंब्याचे आकडे शेजारी ठेवून जुळतात का बघायचं. सगळी मदार त्या खात्रीच्या आंब्यावर. साहेबांनी कागदात गुंडाळून सहा आंबे आणले. "हे रत्नागिरीचे. डोळे मिटून घ्या." मी मिटले.

चार नमुने जुळले. पाच नंबरचा जुळला नाही. मी रिपोर्टवर सही केली.

आठवड्याने मामा आमच्या दारात उभा. "पेट्या परत केल्या गं त्यांनी. माझ्या बागेतला आंबा खोटा कसा? सही तर तुझीच आहे."

"मामा, मशीन खोटं बोलत नाही," मी म्हणाले. तो चहा न घेता गेला.

त्याची पाठ बघून मला राहवेना. रविवारी रत्नागिरीला मामाची बाग गाठली, समोर उभी राहून झाडावरचे आंबे उतरवून घेतले, पिकल्यावर जाळले. आकडे पाच नंबरशी तंतोतंत जुळले. मग मी लॅबमधल्या मावशींना विचारलं, साहेबांनी ते सहा आंबे कुठून आणलेले?

"घरून. कोपरीचा आंब्याचा व्यापारी सीझनची पहिली पेटी पाठवतो ना त्यांना, दरवर्षी."

साहेबांना जाब विचारला तर म्हणतात, "पेटीवर रत्नागिरी छापलंय की." ज्या छापाची शहानिशा करायला लोक आम्हाला पैसे मोजत होते, तोच छाप या माणसाने पुरावा धरला होता. आणि चूक कळल्यावरही, "रिपोर्ट गेलाय. आता बदलला तर उद्या कोण येईल आपल्याकडे?" मी भांडाराला स्वतः पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. सीझन संपला होता, मामाचे आंबे रस्त्यावर मिळेल त्या भावाला गेले होते.

पण माझं काय? साहेबांनी आंबे गुंडाळून आणलेला तो कागद मीच टेबलावर अंथरला होता. महिनाभर त्यावर गर जाळायच्या वाट्या, क्रुसिबल ठेवले, डाग पुसले. पेटीतलाच वर्तमानपत्राचा कागद, सगळा कानडीत छापलेला. म्हणजे ते चार नमुने जुळले होते कर्नाटकच्या आंब्याशी. राखेतले धातू मोजणाऱ्या बाईला डोळ्यांसमोरची लिपी दिसली नाही. धन्य.

मामाला सगळं सांगितलं. तो "बरं" म्हणाला. भांडाराची पायरी तो पुन्हा चढला नाही, माझ्या घरचीही नाही. पुढच्या मे महिन्यात मात्र ओळखीच्या माणसाबरोबर एक पेटी आली. पेंढ्यावर मामाच्या अक्षरात चिठ्ठी होती: घरचेच आहेत. तपासून खा.