बट्टी, बादली आणि बास्केटबॉल

आमच्या घराण्यातला माणूस लग्नाला गेला की एक तर जेवतो, नाहीतर वाढतो. मी वाढणाऱ्यांतला. शाळेत असताना पारोळ्याला कुणाच्या तरी लग्नात माझ्या हातात मिठाची वाटी दिली गेली. मीठ वाढणं ही वाढप्याची बालवाडी. तिथून लिंबाच्या फोडी, मग बट्टी, मग वांग्याची भाजी असं करत बारावीपर्यंत मी वरणाच्या बादलीला पोचलो होतो. वरणाची बादली म्हणजे थट्टा नाही. कढत वरण, खाली मांडी घालून बसलेली माणसं, त्यांचे इस्त्रीचे पांढरे कपडे आणि त्यातून वाट काढत पळणारा तुम्ही. ज्या पत्रावळीत वाढताय तिच्याकडे बघायचंच नाही, तिथलं काम हात करतो. डोळे पुढच्या चार पत्रावळींवर. कुणाची बट्टी कोरडी पडलीय, कोण तुपाची वाट बघतोय, कुणाला हवंय पण व्याही बघतोय म्हणून लाजतोय, हे त्याने तोंड उघडायच्या आत आपल्याला कळलं पाहिजे. पाहुण्याला मागावं लागलं की वाढपी नापास, असं माझे वडील सांगायचे आणि त्यांची स्वतःची बादली साऱ्या भाऊबंदांत नावाजलेली होती.

एवढं सविस्तर सांगतोय, कारण माझ्या बास्केटबॉलचं वाटोळं यातूनच झालं.

जळगावच्या कॉलेजात मला संघात घेतलं ते उंचीसाठी नाही, ती बेताचीच आहे. संघाला बारा जण लागत होते आणि अकरा मिळाले होते. मी मैदानावर येताच तिथेही तेच करू लागलो जे मला येत होतं. पळायचं, चेंडू मिळाला की ताबडतोब कुणाला तरी द्यायचा. चेंडू हातात राहिला की मला अस्वस्थ व्हायचं. पंगत खोळंबली आणि आपण बादली धरून उभे, असं वाटायचं. शिवाय सवयीने मी ज्याला पास द्यायचा त्याच्याकडे बघायचो नाही. अडचण एवढीच होती की तोही माझ्याकडे बघत नसायचा. आमचे खेळाडू गॅलरीत कोण कोण आलंय ते बघत. त्यामुळे माझे पास अगदी योग्य जागी जायचे आणि त्या योग्य जागी कोणीही नसायचं. एक पास कर्णधाराच्या कानावर बसला. दुसरा पास गुणफलक लिहिणाऱ्या मास्तरांच्या चहात पडला. स्नेहसंमेलनातल्या सामन्यात एक पास थेट प्रमुख पाहुण्यांकडे गेला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी छान झेलला. त्या दिवशी झेलला गेलेला माझा तो एकमेव पास होता.

आमचे क्रीडाशिक्षक भला माणूस, पण त्यांना फक्त बास्केट मोजता यायच्या. “तू मारत का नाहीस रे?” ते मला विचारायचे. “चेंडू काय घरी न्यायचाय का तुला?” उलट मला तर तो एक क्षणही जवळ नको असायचा, पण हे त्यांना सांगून पटलं नसतं. विद्यापीठाच्या निवडीला मी दर वर्षी गेलो आणि दर वर्षी तसाच परत आलो. शेवटच्या वर्षी निवड समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले, “अरे, जरा पाण्याची बाटली आण.” मी सगळ्या समितीला पाणी देऊन आलो. वर ‘आणखी हवंय का’ असंही विचारलं.

मला फार वाईट वाटायचं. आज हसत सांगतोय म्हणून तेव्हा हसू येत होतं असं नाही. तो खेळ मला मनापासून आवडत होता, आणि आपण त्यात वाईट नाही आहोत अशी मला उगीचच खात्री होती. कुणालाच दिसत नसलेली गोष्ट आपल्याला एकट्याला दिसत असेल तर ती बहुतेक नसतेच, असंही मी स्वतःला समजावून बघितलं. ते पटलं नाही.

पदवी मिळाली आणि दाजींनी माझा ताबा घेतला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं पाचोऱ्याला स्टेशनजवळ मोबाईलच्या कव्हरांचं दुकान. माणूस प्रेमळ, पण प्रेम करताना समोरच्याला विचारायची पद्धत नाही. मी दुकानात बसणार हे त्यांनी ठरवून टाकलं आणि माझ्यासाठी एक स्टूलसुद्धा विकत आणलं. लाल गादीचं, गोल फिरणारं. त्याचा फोटो त्यांनी मला पाठवला. मग दुसऱ्या बाजूने पाठवला. त्या स्टुलावर आयुष्यभर गोल फिरत बसायचं या विचाराने माझी झोप उडाली.

त्याच आठवड्यात कळलं की धुळ्याचे एक तेलगिरणीवाले बास्केटबॉलचा संघ काढताहेत. त्यांना सगळे नाना म्हणत. कुठल्याशा खासगी लीगमध्ये त्यांनी संघ घेतला होता, खेळाडूंना पगार होता, आणि गिरणीच्या मागच्या आवारात, जिथे पूर्वी शेंगा वाळत पडायच्या, तिथे झकास कोर्ट बांधलं होतं. नानांनी हा खेळ आयुष्यात पाहिला नव्हता. संघ का काढला असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, क्रिकेटचा खर्च परवडत नाही आणि कुस्तीत तेल लागतं म्हणून लोक उधार मागतात. त्यांनी बाहेरून पाच दांडगे खेळाडू आणले होते. त्यातला पंजाबचा एक एवढा उंच होता की गिरणीच्या दारातून येताना वाकायचा आणि सवयीने मैदानावरही थोडा वेळ वाकूनच चालायचा. पाचही जण बास्केट मारण्यात पटाईत. आता स्थानिक दोन-तीन पोरं घ्यायची म्हणून निवड चाचणी ठेवली होती.

मी गेलो. चाचणीत नेहमीचं झालं. मी पास दिले, सोबतच्या पोरांनी ते सोडले, एक चेंडू शेंगांच्या पोत्यांमागे गेला तो सापडलाच नाही. पुण्याहून आणलेल्या प्रशिक्षकांनी सभ्यपणे सांगितलं, “तुझी नजर चांगली आहे, पण तू एकही बास्केट मारली नाहीस. कठीण आहे.” मी पिशवी उचलली.

पण खानदेशात दारी आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. नाकारलेल्यालाही नाही. नानांनी आलेल्या सगळ्या पोरांना वरण-बट्टीचं जेवण ठेवलं होतं. आवारात लांबलचक पंगत बसली. वाढायला गिरणीचे दोन हमाल, आणि त्यातला एक नवखा, तो मिठाच्या वाटीतच घोटाळत होता. मी दोन मिनिटं बसून राहिलो. समोरच्या रांगेत वरण संपलेलं, तो पंजाबचा खेळाडू कोरडी बट्टी चावत दीनवाणा बसलेला. मला ते बघवेना. मी उठलो, हात धुतले, बादली घेतली आणि सुटलो.

पंगत आटोपत आली तेव्हा नानांनी मला थांबवलं. ते भिंतीला टेकून केव्हाचे बघत होते.

“तू कसाले वाढी ऱ्हायना? तू ते खेळाले येल शे ना?”

“हो, नाना.”

“मंग तठे तू काय करं?”

“हाईच, नाना,” मी म्हणालो. तिथेही हेच, वाढायचं.

नानांनी प्रशिक्षकांना हाक मारली आणि जेवणाऱ्या पाच दांडग्यांकडे बोट केलं. “सर, मना पाच पयलवान जेवाले बसेल शेतस. वाढणारा कोठे शे?”

प्रशिक्षक काही बोलणार होते. पण आदल्याच आठवड्यात त्यांचा संघ सराव सामना हरला होता, आणि तो कसा हरला ते त्यांना ठाऊक होतं. पाचही जण एकाच चेंडूसाठी एकमेकांच्या अंगावर पडत होते. त्यांनी मला पुन्हा एकदा वरून खाली बघितलं. “तीन सामने,” ते म्हणाले. “मग ठरवू.” नानांनी मान डोलावली. माझ्या बाजूने एवढंच ठरलं: तीन सामन्यांत जमलं तर धुळे, नाही जमलं तर पाचोरा आणि ते स्टूल.

पहिल्या सामन्यात मी पंजाबच्या खेळाडूच्या नाकावर पास मारला. त्याची चूक नव्हती. जन्मात कुणी त्याला न मागता चेंडू दिला नव्हता. तो नाक धरून माझ्याकडे बघत राहिला, रागाने नाही, नवलाने. दुसरा पास त्याच्या छातीवर बसला. तिसरा त्याने झेलला, आणि समोर रिंग मोकळी आहे हे त्याच्या लक्षात आल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की मला तुपाची धार वाढल्याचं समाधान मिळालं. सामना आम्ही थोडक्यात हरलो. पण त्या रात्रीपासून तो माझ्यासमोर नेहमी हात वर तयार ठेवूनच असायचा. मैदानावर, बसमध्ये, एकदा तर न्हाव्याच्या दुकानातही.

दुसऱ्या सामन्याला बाकीच्या चौघांनाही चटक लागली होती. हे लोक भुकेले होते. कॉलेजात माझ्या पासला कुणी भुकेलाच नव्हता, सगळे घरून जेवून आलेले. इथे मी न बघता जिकडे चेंडू टाकेन तिकडे दोन मोठे हात उघडे असायचे. आम्ही जिंकलो. संध्याकाळी दाजींचा फोन आला.

“किती पॉइंट मारले?”

“शून्य.”

“मागच्या वेळी?”

“शून्य.”

दाजी समजूतदारपणे म्हणाले, “काही हरकत नाही. स्टुलाचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. तूच येऊन काढ.”

तिसरा सामना जळगावला होता, आणि बघायला माझं अर्धं कॉलेज आलेलं. पहिल्या रांगेत आमचे क्रीडाशिक्षक. शेवटचं मिनिट सुरू होतं आणि आम्ही एका गुणाने मागे. एव्हाना समोरच्या संघाला समजलं होतं की हा वाढपी कधीच मारत नाही, तेव्हा त्यांनी माझ्यावरचा माणूसही काढून दुसरीकडे पाठवला. मी रिंगखाली एकटा उभा, हातात चेंडू, आसपास चिटपाखरू नाही. एवढं मोकळं मैदान मला सरावातही मिळालं नव्हतं. “मार, आता तरी मार,” असं कॉलेजचे सर कळवळून ओरडत होते. आणि मला खरंच वाटलं की मारावी. स्टूल डोळ्यांसमोर फिरत होतं. एक बास्केट पडली असती तर सांगायला काहीतरी झालं असतं.

पण डोळा सवयीने पुढच्या पत्रावळीकडे गेला. कोपऱ्यात आमचा केरळचा खेळाडू उभा होता. सामनाभर त्याला फारसं काही मिळालं नव्हतं आणि तो मागतही नव्हता, लाजत होता. माझ्या हाताने चेंडू त्याच्याकडे केव्हा धाडला ते मला कळलंच नाही. त्याने तिथूनच मारली, हूटर वाजला आणि चेंडू जाळीतून खाली आला.

सगळे त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते. आमचे सर कडेने माझ्याकडे आले. “मी तुझ्या जागी असतो तर मारली असती,” ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “आणि बहुतेक चुकवली असती.” एवढं बोलून त्यांनी माझी पाठ थोपटली. कॉलेजात असताना ती त्यांनी एकदाही थोपटली नव्हती, त्यामुळे मला काय करावं सुचेना आणि मी त्यांना पाणी हवंय का विचारलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या आवारात विजयाची पंगत. पाहुणे, व्यापारी, खेळाडूंचे घरचे, सगळे आले होते. मी नवा शर्ट घालून गेलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या पंगतीला बसायचं असं मनाशी ठरवलं होतं, आणि पंजाबच्या दोस्ताने मला शेजारी जागाही धरून ठेवली होती. मी बसणार एवढ्यात नाना आले. त्यांनी माझ्या हातात वरणाची बादली दिली.

संघातले सगळे बसलेले आणि मी उभा. म्हणजे ठरलं तर. शून्य, शून्य आणि शून्य. मी वाढत सुटलो. इतकं वाईट मी कधी वाढलेलं नाही. एका व्यापाऱ्याला दोनदा वरण वाढलं, दुसऱ्याला वाढलंच नाही. प्रशिक्षकांच्या पत्रावळीजवळून जाताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही, आणि या वेळी ते सवयीने नव्हतं. पहिली पंगत उठली, दुसरी बसली, उठली. आवार रिकामं होत आलं. मी बादली खाली ठेवली आणि पाचोऱ्याची बस किती वाजता असेल याचा विचार करू लागलो.

“बस आठे,” नाना समोरच्या पत्रावळीकडे बोट करत म्हणाले.

ते स्वतः आता जेवायला बसत होते. त्यांची मुलं, सुना, गिरणीचे जुने दिवाणजी, असे मोजके लोक शेवटच्या पंगतीत. नानांनी आपल्या शेजारची जागा हाताने झटकली. मी नव्या शर्टावरचे वरणाचे डाग लपवत उभाच राहिलो.

“पावनास्ले पहिले जेवाडतस,” नाना मला असं म्हणाले जसं काही मी अगदीच शहरातला आहे. “घरना माणूस आखरीले बसस. बस.”

हे मला लहानपणापासून माहीत होतं. शेकडो लग्नांत मी ते पाहिलं होतं. फक्त ते माझ्याबद्दल असू शकतं हे डोक्यात शिरलं नव्हतं. मी बसलो. डोळ्यांत पाणी आलं ते मी वांग्याच्या भाजीच्या तिखटावर ढकललं, आणि भाजी अजून वाढलीच नव्हती हे नानांनी दाखवून दिलं नाही. समोरून पंजाबचा दोस्त बादली घेऊन आला. वाढताना तो माझ्याकडे न बघता पुढच्या माणसाकडे बघत होता, मी करतो तसंच. अर्थात अर्धं वरण माझ्या मांडीवर पडलं.

पुढे त्या लीगमध्ये सर्वात जास्त पास देणाऱ्याला चषक असतो हे कळलं. असे दोन चषक आता आमच्या घरी आहेत. एकात आई मिठाचे खडे ठेवते. अजूनही मी फारशा बास्केट मारत नाही.

त्या दिवशी पंगतीतून उठून हात धुतल्यावर मी आधी दाजींना फोन लावला. “दाजी, स्टूल दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

दाजी एकदम खूश झाले. “मारले वाटतं पॉइंट?”

“नाही हो,” मी म्हणालो. “जेवलो.”