समईसाठी बंद केलेला पंखा

मंडळी, घाईघाईत फोनवरून लिहितोय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

मी आचऱ्यात घरी बसून ॲनिमेशन करतो. एका कंपनीला आज संध्याकाळपर्यंत नमुना पाठवायचाय. हे काम मिळालं तर मुंबईला जावं लागणार नाही.

पण लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड सकाळपासून भयंकर तापतंय. खाऱ्या हवेने आतला पंखा गंजलाय. कणकवलीचा दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "आणून ठेवा, आठवड्याने बघतो." आठवड्याने!

शेवटी देवाच्या खोलीत गारवा असतो म्हणून तिथे बसलो. लॅपटॉप करवंट्यांवर उचलून ठेवला, समोर टेबलफॅन लावला आणि नमुन्याची अंतिम फिल्म तयार करणारा रेंडर सुरू केला. दुपारपर्यंत तो जवळजवळ संपत आला.

माझी तगमग बघून बाबांनी समई लावली, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाचा काम होऊंदे, तेच्यार मुंबैक जावची पाळी हाडू नको रे म्हाराजा!"

आई आणि मी डोळे मिटून, हात जोडून म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

डोळे उघडले तर स्क्रीन काळी. समई विझू नये म्हणून बाबांनी टेबलफॅन बंद केला होता.

रेंडर गेला. लॅपटॉप हात लावू देत नाही इतका तापलाय, चालूच होत नाही.

आत्ता खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत बाबांनी विचारलं, "झाला मा रे काम?"

मी "व्हय" म्हटलं.

संध्याकाळच्या आत हा थंड कसा करू, कुणी सांगाल का?