फिल्मखालचे तीन ठिपके

श्रीगजाननाचे आणि आमच्या कुलस्वामिनीचे स्मरण करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त असे, की पत्नीचे वर्षश्राद्ध नुकतेच झाले आणि त्यापुढच्या रविवारी जे पाहिले ते मनातून जात नाही.

आरंभीच सांगतो, अशा गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, नित्यपूजा चुकवली नाही. परंतु श्रद्धा निराळी आणि भुताखेतांच्या कथा निराळ्या, असेच विद्यार्थ्यांना बजावत आलो. या सदरातले काही अनुभव वाचून मी हसलोही आहे. त्याबद्दल क्षमा असावी.

आम्ही डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याजवळ राहतो. मुलगा हर्षद घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर. दीड वर्षापूर्वी त्याने स्पोर्ट्स कार घेतली... पांढरी शुभ्र, दोन दरवाजांची, बसताना गुडघे हनुवटीला लागतील इतकी बुटकी. शोरूममधून ती थेट एका वर्कशॉपमध्ये गेली. रंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून तिथे सबंध गाडीला पारदर्शक फिल्म चिकटवली, आणि मगच ती दसऱ्याला आमच्या दारात आली. हा क्रम वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावा.

माझ्या पत्नीची, सुमतीची, एक रीत होती. घरात नवे वाहन आले की तेलात कुंकू कालवून ती त्यावर स्वस्तिक काढी. पण आतले ठिपके तीनच देई. चौथा ठिपका — वाहन पहिली फेरी करून सुखरूप परतल्यावर. माझ्या सायकलीपासून हर्षदच्या स्कूटरपर्यंत हेच चालत आले. "याला शास्त्राधार नाही," असे मी एकदा म्हणालो होतो. ती म्हणाली, "तुमच्या शास्त्राला कुणाची वाट बघत बसावं लागत नाही. मला लागतं."

त्या दसऱ्याला ती तबक घेऊन खाली आली. अनामिका कुंकवात बुडवून पुढे झाली, तोच हर्षद आडवा आला.

"आई, नको ना! फिल्मवर डाग बसेल. हार घाल, नारळ बाजूला फोड, पण टच नको करूस."

"अरे, एवढंसं तर बोट..."

"आई, प्लीज!"

तिने माझ्याकडे पाहिले. आणि मी म्हणालो, "कशाला हट्ट करतेस? ठेव ते तबक."

तिने ते बोट पदराला पुसले. मग गाडीला हार घातला. सुमती चैत्रात गेली... झोपेतच.

वर्ष सरले. श्राद्धानंतरच्या रविवारी सकाळी हर्षद गाडी घेऊन आला. उन्हाने बॉनेटवरची फिल्म पिवळी पडून कडेने सुटली होती. दारांखालच्या काळ्या पट्ट्या पांढुरक्या झाल्या होत्या. त्याच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये असली कामे करू देत नाहीत, आणि वर्कशॉपवर त्याचा भरवसा उरला नव्हता. व्हिडिओ पाहून सारे स्वतःच करणार होता. नवी फिल्म, साबणपाण्याची बाटली, रबरी पट्टी, हेअर ड्रायर, सगळे त्याने मांडले आणि मऊ कपड्यांचा गठ्ठा माझ्या हाती देऊन मला शेजारी उभे केले.

तळमजल्यावरचे म्हात्रे खुर्ची घेऊन आलेच. इथल्याच मूळच्या गावातले.

"काय रं बाला, एवरी मोठी गारी नि दरवाजे दोनच? बापूस काय डिकीन बसल?"

"काका, आधी तुम्ही बसून दाखवा. उठवायला क्रेन मी बोलावतो!"

आम्ही तिघेही हसलो. वर्षभरात प्रथमच.

ड्रायरची गरम हवा देत हर्षद फिल्म सोलत होता. कोपऱ्यापासून ती बॉनेटच्या मध्यावर आली आणि त्याचा हात थांबला.

फिल्मखाली, उघड्या रंगावर, कुंकवाचे स्वस्तिक होते. ओले. तेल चमकत होते. सोललेल्या फिल्मची आतली बाजू मात्र स्वच्छ... लाल रंगाचा कणही नाही.

"आयला, ह्यो कुकू कवा लावलास?" म्हात्रे उठून उभे राहिले.

हर्षद वाकून पाहत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "बाबा... तीनच आहेत."

म्हणजे त्याला ठाऊक होते. त्याने ओळखले होते. मला एवढेच वाटले, की चौथा ठिपका आता द्यावा. तिच्या मुलाने द्यावा. म्हणालो, "थांब, मी तिचा करंडा घेऊन येतो."

"नको, बाबा." त्याने मान वर केली नाही. "ग्लूची काहीतरी रिॲक्शन असेल. यावर नवी फिल्म बसणार नाही. कपडा द्या."

मी कपडा दिला.

एका हातासरशी पुसले गेले. रंगावर डाग राहिला नाही, खूण राहिली नाही. म्हात्रे खुर्ची उचलून आत गेले. नवी फिल्म मात्र सुरेख बसली. एक बुडबुडाही नाही. काळ्या पट्ट्याही त्याने चकचकीत केल्या.

फिल्म लावण्यापूर्वी गाडी दोनदा धुतो, असे मी नंतर फोन केला तेव्हा वर्कशॉपवाल्यांनी सांगितले. सुमतीने ते वर्कशॉप पाहिलेही नव्हते. तो लाल झालेला कपडा हर्षद इथेच टाकून गेला. विसरला की मुद्दाम ठेवला, हे मी विचारले नाही. तो माझ्या कपाटात आहे, अजून ओशट लागतो.

या प्रकाराचे स्पष्टीकरण माझ्यापाशी आजही नाही. आणि मिळाले तरी त्याने काय होणार? ती आपले अर्धे राहिलेले काम मागायला आली असेल, तर एकदा तिला तबक ठेवायला सांगणारा मी, आणि दुसऱ्यांदा कपडा पुढे करणाराही मीच.

वाचकहो, आपल्या घरातून जे जे बाहेर पडेल ते ते सुखरूप परत येवो. चौथा ठिपका देणारे बोट आपल्या उंबऱ्याशी दीर्घकाळ असो, आणि त्याला थांबवण्याची बुद्धी आपल्या घरात कोणासही न होवो. शुभं भवतु.