तिनं घालायला लावलेली ओळ

झेरॉक्सच्या मशीनमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की मला नांदेडच्या बसस्टँडसमोरचं ते दुकान आठवतं. एका खासगी दवाखान्यात रिसेप्शनची एकच जागा निघाली होती आणि मी व माझी रूममेट, दोघीही अर्ज करत होतो. तिचा अर्ज छापून झाला होता. पंख्यानं फडफडणारा माझा बायोडेटा दोन्ही हातांनी दाबून धरून ती वाचत होती. मधेच थांबून म्हणाली, "तू आईसंग फोनवर तेलुगूत बोलतीस की. ते का लिहिलं न्हाईस?" मी म्हणाले, "आम्हा सीमेवरच्या देगलूरकडच्यांचं ते घरचं बोलणं हाय. ते काय शिक्षण हाय?" "दवाखान्यात आलेलं माणूस घरचंच बोलतंय," ती म्हणाली, आणि दुकानदाराला माझी फाइल पुन्हा उघडायला लावून तिनं ते अर्जासोबतच्या पत्रात पहिल्याच ओळीत घालून घेतलं. तिला स्वतःला तेलुगू येत नव्हती. नोकरी मला लागली. आजही तेलंगणातून आलेली एखादी घाबरलेली बाई काउंटरशी उभी राहिली की मी तिला तिच्या भाषेत आधी बसायला सांगते, आणि वाटतं, ती ओळ टाइप करून घेतानाच ही खुर्ची माझी होणार, हे तिला कळलं असणार.