बत्तीस बाय बत्तीसचा कावळा

मनुष्याने अक्षराच्या आधी चिन्ह घडवले, आणि चिन्ह घडवणारा हात हाच संस्कृतीचा पहिला हात होय. हे वाक्य कॉलेज रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लावलेलं होतं. त्याच्याखाली बसून मी सबंध उन्हाळा एक फुगा काढला. लाल फुगा, डाव्या खांद्यावर पांढरा उजेड, खाली पसरट सावली. तो जमला की सर म्हणायचे, "छान. आता हाच निळा करा."

त्या फुग्यातच सगळी विद्या होती, हे मान्य केलं पाहिजे. फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गोल काढायचा. त्यात वरून खाली फिकट होत जाणारा रंग ओतायचा. वरच्या अर्ध्यावर अर्धपारदर्शक पांढरा थर ठेवायचा आणि कडा जराशा पुसट करायच्या. मग ती वस्तू काहीही असो, चोखून परत ठेवलेल्या गोळीसारखी दिसते. रंगीत पडद्याचे मोबाइल नुकतेच लोकांच्या खिशात आले होते, आणि सगळं जग असं गोळीसारखं दिसावं अशी लोकांची तेव्हा मनापासून इच्छा होती. "सॉफ्ट ठेवा," सर सांगायचे. "बघणाऱ्याला बोट लावावंसं वाटलं पाहिजे."

मी इतिहासात एम.ए. केलं होतं आणि पुढे काय, या प्रश्नाला दर महिन्याला वेगळं उत्तर देत होते. पंचवटीतल्या आमच्या घरात कॉम्प्युटर पुढच्या खोलीत होता. वडील गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, घाटावर श्राद्ध, दशक्रिया असे विधी सांगायचे, त्यामुळे पुढच्या खोलीत कायम कुणीतरी यजमान बसलेले असायचे. नुकतंच डोकं भादरलेली माणसं हातात टोपी घेऊन माझ्या पाठीमागे बसत आणि पडद्यावर मी काय करते ते बघत. मी दर थोड्या वेळाने उठायची, गच्चीवर जायची, पुलावरची वाहनं बघायची, खाली यायची. आई म्हणायची, "अगं, एक काय ते कर. बस तरी, नाहीतर जा तरी." जायचंच होतं. कुठे, ते ठरत नव्हतं.

मग पुण्याच्या एका कंपनीची मेल आली. मोबाइलच्या पडद्यावरची छोटी चित्रं, म्हणजे आयकॉन, काढणारी माणसं त्यांना हवी होती. एकाच विषयावरचा आयकॉनचा संच सीडीवर घालून पाठवा, आवडला तर बोलावू, असं त्यात होतं. महिनाअखेरची मुदत होती. चित्राचा आकार बत्तीस बाय बत्तीस ठिपके. एवढ्या जागेत माझं नाशिकमधून निघणं बसवायचं होतं.

विषय शोधायला वेळ नव्हता, कारण दुसरं एक काम आधीच अंगावर होतं. माझ्या चुलतभावाने, दादाने, वडिलांची वेबसाइट काढायचं ठरवलं होतं. घाटावरच्या आणखी एका गुरुजींनी 'आंतरराष्ट्रीय ख्यातीचे' असा फलक लावल्यापासून दादाला झोप नव्हती. त्याच्या वेबसाइटवर ॐ गोल फिरत होता, दोन्ही बाजूंना समया पेटत होत्या, आणि उघडल्याबरोबर जो मंत्रघोष सुरू व्हायचा तो बंद करायची सोय नव्हती.

"बंद कशाला करायचा?" दादा म्हणाला. "मंत्र आहे तो."

"ऑफिसात बसून उघडलं तर?"

"मग पुण्य ऑफिसलाही."

या वेबसाइटवर प्रत्येक विधीसाठी एक बटण हवं होतं आणि बटणावर चित्र. तेच चित्रांचं काम मी पुण्याला पाठवायचं ठरवलं. बाकीचे लोक फळं, फुलं, फुटबॉल पाठवणार. श्राद्धाचा संच कोण पाठवणार?

वडिलांनी हरकत घेतली नाही. एकच अट घातली. "प्रत्येक चित्र आधी मला दाखवायचं."

ही अट मला तेव्हा सौम्य वाटली. संध्याकाळी घाटावरून आले की ते चहा घेऊन माझ्या शेजारी स्टूल ओढायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि नाक पडद्याला लागेल इतके पुढे वाकायचे.

"हे काय?"

"पिंड."

"रसगुल्ला वाटतोय."

"वर उजेड दाखवलाय, बाबा. सॉफ्ट दिसायला."

"तीळ कुठे आहेत?"

"तीळ एका ठिपक्यापेक्षा लहान होतात. येत नाहीत."

"तिळाशिवाय पिंड कसला? आणि हा गुलाबी का?"

"बोट लावावंसं वाटलं पाहिजे म्हणून."

वडिलांनी चहाचा घोट घेतला. "पिंडाला बोट लावावंसं वाटू नये," ते म्हणाले, "अशीच साधारण पद्धत आहे."

दर्भाची जुडी कोथिंबिरीसारखी झाली. अस्थींचा कलश मी आकाशी निळा केला, त्यावर लाल फडकं बांधलं, तर आई म्हणाली, "लोणच्याची बरणी छान आलीय." पाठीमागे बसलेल्या यजमानांपैकी एकाने मान हलवून दुजोरा दिला. त्या वर्षी दुपारचं भारनियमनही जोरात होतं. वीज गेली की यूपीएस ओरडायला लागायचा, मी सेव्हचं बटण शोधेपर्यंत पडदा काळा व्हायचा, आणि लोणच्याची बरणी पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यांत अडलं ते कावळ्यावर. दशक्रियेला दहाव्या दिवशी पिंड मांडतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. कावळा शिवला की गेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिली नाही असं समजतात. कावळ्याशिवाय संच पुरा होणं शक्य नव्हतं. पण मी कावळा काढला की कबुतर व्हायचं, नाहीतर चोच असलेला बूट. शेवटी दादाचा डिजिटल कॅमेरा मागून घेतला आणि एका सकाळी वडिलांबरोबर घाटावर गेले. जिवंत कावळा बघून काढू म्हटलं.

त्या दिवशी देवळा तालुक्यातलं एक कुटुंब होतं. त्यांचे वडील गेले होते. मोठा मुलगा विधीला बसला होता. धाकटा चार पायऱ्या वर, एकटा, नदीकडे तोंड करून उभा. त्यांची म्हातारी आई मध्ये, दोघांना सारख्या अंतरावर, बहुधा मुद्दाम. आमच्या वडिलांनी पिंड मांडला, सगळे मागे सरकले आणि वाट बघायला लागले. कावळे भिंतीवर रांगेने बसले होते. मी भिंतीपासून थोड्या अंतरावर कॅमेरा डोळ्याला लावून उभी राहिले.

कावळे हलेनात. एक खाली झेपावल्यासारखा करायचा आणि परत फिरायचा.

मोठ्या मुलाने हात जोडले. "आबा, आईले आम्ही सांभाळसूत." काही झालं नाही. "तेराव्याले सगळा गाव जेवाडसूत." भिंतीवर थोडी हालचाल झाली आणि थांबली. "दारसमोर तुमना नावनं आंबानं झाड लावसूत, आबा." कावळ्यांना आंब्यात रस दिसला नाही.

मंडळी चुळबुळ करायला लागली. ऊन चढत होतं. कुणीतरी कुजबुजलं, "काहीतरी राहिनं शे म्हातारानं." एका मामाने वडिलांना विचारलं, "गुरुजी, दर्भाचा कावळा करून लावता येतो ना?" येतो. कावळा आलाच नाही तर तसं करतात, पण त्याने घरच्यांच्या मनातली रुखरुख जात नाही. वडिलांच्या हातात दर्भ होताच. ते तो नुसता बोटांत फिरवत राहिले.

"थांबा थोडं," ते म्हणाले.

मी कॅमेरा खाली घेतला नाही. कॅमेरा दादाला दुपारी परत द्यायचा होता आणि सीडी दोन दिवसांत जायची होती. मला फक्त एक कावळा हवा होता. तिथे सगळ्यांनाच हवा होता, पण माझी घाई मला जास्त खरी वाटत होती.

तेवढ्यात ती म्हातारी मोठ्या मुलाला म्हणाली, "अरे, आंबा काय लावस? खरं बोल ना."

मुलाने जोडलेले हात सोडले. मग वर पायऱ्यांकडे न बघता म्हणाला, "आबा, मी त्यानासंगे बोलसू. विहिरना पाणीनी पाळी त्याले देसू. आजच."

वर उभ्या धाकट्याने मान वळवली.

तेव्हा वडिलांनी माझ्याकडे बघून हाताने खूण केली. बाजूला हो. मी दोन पायऱ्या चढून खांबाआड गेले. दुसऱ्या क्षणी दोन कावळे एकदम पिंडावर उतरले. म्हातारी रडायला लागली, मामाने टोपी काढली, आणि धाकटा चार पायऱ्या खाली आला. मी खांबाआडून घाईघाईने बटण दाबलं. त्या काळचे कॅमेरे बटण दाबल्यावर विचार करून फोटो काढायचे. माझ्या फोटोत शेपूट आली.

परत येताना आम्ही भाजी बाजारातून चाललो होतो. वडिलांनी मेथीची जुडी घेतली.

"बाबा, मी तिथे उभी होते म्हणून कावळा येत नव्हता."

"हो."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"तू उभी राहिलीस तेव्हाच."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

वडील मेथी पिशवीत नीट बसवत होते. "तो अजून आंब्याचं झाड लावतो म्हणत होता," ते म्हणाले.

कावळा त्या शेपटीवरून पुढे काढला. काळा रंग मऊ होत नाही, हे त्या दिवशी कळलं. कितीही पुसट करा, बत्तीस ठिपक्यांत तो डागच दिसतो. मग त्यात जांभळा मिसळला, पाठीवर निळा उजेड टाकला, तेव्हा कुठे त्याला अंग आलं. वडील पुढे वाकले.

"जांभळा?"

"काळा सॉफ्ट होत नाही."

"हसतोय का हा?"

"नाही. चोच तशी आली."

त्यांनी बराच वेळ बघितलं. "असू दे," म्हणाले. "याला तरी बोट लावावंसं वाटत नाही."

सीडी कुरियरने गेली. त्यानंतरचे दिवस मी जेवताना वडिलांना कारणं पुरवत राहिले. पुणं काही लांब नाही. दर पंधरा दिवसांनी येईन. दादाची वेबसाइट तिथूनही सांभाळता येईल. एकच वर्ष करून बघते, अनुभव म्हणून. तिथे मावशीच्या ओळखीचं वसतिगृह आहे. वडील प्रत्येक वेळी "हं" म्हणायचे आणि आमटी वाढून घ्यायचे. आई त्यांच्याकडे बघायची, मग माझ्याकडे, मग आमटीकडे. कुणी नाही म्हणत नव्हतं. हो म्हणावं असंही कुणाला वाटत नव्हतं. मी रात्री अंथरुणात नवी कारणं जमवायची आणि सकाळी ती मलाच बोगस वाटायची.

पुण्याहून उत्तर आलं. मी ते वडिलांना वाचून दाखवलं. आपला फेस्टिव्ह संच आम्हाला फार आवडला, विशेषतः मिठाई, तरी आपण लवकरात लवकर रुजू व्हावं, असा मजकूर होता.

"फेस्टिव्ह म्हणजे?"

"सणासुदीचा."

वडिलांनी चष्मा काढून पुसला. "बरं," ते म्हणाले. "त्यांच्या घरचं अजून कुणी गेलेलं दिसत नाही."

ते हसले, मीही हसले, आणि रुजू व्हायचा विषय पुन्हा तिथेच थांबला. दुपारी वीज गेली. यूपीएस ओरडून गप्प झाला, पंखा थांबला. वडील खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्या दिवशी पुढच्या खोलीत कुणी यजमान नव्हते. मी पुन्हा सुरू केलं.

"तिथे पगारही बरा आहे, बाबा. शिवाय पुढे शिकता येईल. संध्याकाळचे कोर्स असतात."

"हं."

"तुम्हाला दर महिन्याला काही पाठवताही येईल."

"हं."

त्यांनी पान उलटलं. मी उठले, दारापर्यंत गेले, परत आले. गल्लीतून एक रिक्षा उगाच हॉर्न वाजवत गेली.

"मला इथे राहवत नाही," मी म्हणाले. "पुण्याचं काही नाही. तिथेही राहवणार नाही कदाचित. पण इथे बसले की वाटतं, सगळं दुसरीकडे चाललंय आणि मी फुगे रंगवतेय. तुमच्यावर राग नाही, आईवरही नाही. मला नुसतं निघायचंय. का, ते नीट सांगता येत नाही."

वडिलांनी वर्तमानपत्राची घडी घातली, खुर्चीच्या हातावर ठेवली.

"सामान किती होईल?" त्यांनी विचारलं. "एका रिक्षात बसेल ना?"

आई आतून आली आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल शोधू लागली. स्टूल कॉम्प्युटरपाशी होतं. मी ते तिला दिलं.

पुण्याच्या कंपनीत प्रत्येकाला एक विभाग होता. कुणाला संदेश, कुणाला गजराचं घड्याळ, कुणाला हवामान. ही वाटणी आधीच झालेली होती. पहिलं वर्षभर मी रोज सकाळी बसने जाऊन एकच वस्तू काढली. बॅटरी. भरलेली, अर्धी, आणि संपत आलेली.