किंमत राहू द्या, वजन सांगा

आमच्या लातूरच्या घरी सौर दिवे बसवायचं आईच्या मनात आलं, तेव्हा आमच्या गल्लीत ते कुणाकडेच नव्हते. भारनियमन मात्र सगळ्यांच्या घरी होतं. दिवेलागणीलाच वीज जायची आणि जेवणं उरकून भांडी घासून झाली तरी यायची नाही. आम्ही घरचे चौघंच असतो तर कंदिलावर भागलं असतं. पण मागच्या दोन खोल्यांत आठ मुली राहत होत्या. उदगीरच्या, देगलूरच्या, एक तर थेट माहूरची. त्या दिवसांत बारावीच्या क्लासेससाठी गावोगावची मुलं लातुरात लोटत होती आणि ज्याच्याकडे एक खोली जास्तीची, त्याच्या दारावर पाटी लागत होती. आईनं पाटी लावली नाही, तरी मुली आल्या. ती त्यांना दोन वेळा जेवू घालायची. त्या तिला काकू म्हणायच्या आणि भाजीत तेल कमी पडलं तर तोंडावर सांगायच्या.

मी तेव्हा बी.एस्सी. होऊन घरीच होते. संध्याकाळी मेणबत्त्या पेटवायचं काम माझ्याकडे होतं. एका संध्याकाळी देगलूरच्या मुलीची ओढणी मेणबत्तीवर गेली. ती मान खाली घालून काहीतरी पाठ करत होती, तिला कळलंच नाही. आई ताटं घेऊन आली होती. तिनं ताटं तशीच टाकली आणि हातानं ओढणी चुरगाळून विझवली. मुलीला काही झालं नाही. आईचा तळवा मात्र भाजला. हाताला फडकं बांधून घेतानाच तिनं अण्णांना सांगितलं, की सौर दिव्यांची चौकशी करा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून होते. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या धरणावर त्यांचं अधूनमधून जाणं असायचं. पुढच्या खेपेला ते नांदेडच्या एका दुकानदाराला सांगून आले आणि आठवड्याभरात तो माणूस आमच्याकडे हजर झाला. ओसरीवर बसून त्यानं सगळं समजावलं. गच्चीवर चार काचेच्या पाट्या, खाली बॅटऱ्या, प्रत्येक खोलीत एक ट्यूब. मग त्यानं आकडा सांगितला. नवी स्कूटर आली असती तेवढ्यात. आईनं मुलींच्या जेवणा-राहण्याच्या पैशातून तेवढी रक्कम खरोखरच स्कूटरसाठी साठवली होती, कारण अण्णांचे गुडघे सायकलला कुरकुरू लागले होते. ती अण्णांकडे बघत राहिली.

अण्णा म्हणाले, "किंमत राहू द्या. वजन किती हाय ते सांगा."

दुकानदाराला वाटलं, ते वाहतुकीचं विचारतायत. आम्हाला मात्र बरोबर कळलं.

माझी मोठी आत्या औशाकडच्या एका खेड्यात दिली होती. तिच्या घराला माळवद होतं, म्हणजे लाकडी तुळयांवर हातभर मातीचा थर. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिथंच असायचो. बाहेर ऊन रणरणत असताना आत इतकं गार असायचं, की दुपारी अंगावर पातळ काहीतरी घ्यावं लागे. आत्या माळवदावर कुरडया वाळत घालायची आणि आम्हाला राखणीला बसवायची. अर्ध्या कुरडया ओल्याच आमच्या पोटात जायच्या. ती वर येऊन नुसती मोजल्यासारखं करायची आणि हसायची.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे ते माळवद खाली आलं. अण्णा मिळेल त्या गाडीनं तिथं गेले. त्यांनी आपल्या हातांनी बहिणीला मातीतून काढलं. पुढं एकदा आईला म्हणाले, की ती भूकंपानं न्हाई मेली, डोक्यावरच्या मातीनं मेली.

लातूरच्या आमच्या घराला भिंतीत एक चीर पडली, बाकी काही झालं नव्हतं. तरी अण्णांनी गच्चीवरची पाण्याची टाकी उतरवून अंगणात ठेवली. वर पापडसुद्धा वाळत घालू देईनात. स्वतः ते तेव्हापासून गच्चीवर गेले नव्हते, घरात झोपले नव्हते. अंगणात कडुनिंबाखाली त्यांची बाज कायमची पडली. पाऊस आला की शेजारच्या पत्र्याच्या पडवीत ओढायची, थांबला की परत बाहेर. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की नवी आलेली मुलगी विचारायची तेव्हाच आठवायचं.

वजन फार नाही, असं दुकानदारानं परोपरीनं सांगितलं. अण्णा ऐकेनात. अंगणात लोखंडी खांब रोवून त्यावर बसवा, असं ते म्हणाले. खर्च वाढेल, दुकानदार म्हणाला, आणि कडुनिंबाची सावली पडते, तेव्हा झाड काढावं लागेल. अण्णांनी झाडाकडे बघितलं आणि विचार करून कळवतो म्हणाले. दुकानदार गेला.

चार-पाच दिवस कुणी विषय काढला नाही. मुली मेणबत्तीवरच वाचत होत्या. मग एका सकाळी आई भाजलेला हात पदरात धरून बाजेपाशी जाऊन उभी राहिली. मी टाकीतून पाणी काढत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"त्या स्लॅबखाली मी आठ पोरी झोपवायली. त्यांच्या आईबापानं तुमच्या भरवशावर ठेवल्यात. तुमाला स्लॅबचा भरवसा नसंल तर आजच त्यांना गावी धाडा. असंल तर वर चढून बघा."

त्या दिवशी ऑफिसातल्या एका इंजिनिअर मित्राला अण्णा घरी घेऊन आले. मित्रानं भिंती ठोकून बघितल्या, जुनी चीर बघितली आणि जिन्यानं वर गेला. अण्णा खालच्या पायरीवर थांबले. कठड्याला धरलेला त्यांचा हात मला दिसत होता. मग एकेक पाय ठेवत तेही गेले. मी मागोमाग गेले. गच्चीच्या मधोमध उभं राहून त्यांनी आधी एक टाच आपटली, मग दुसरी. मित्र हसू दाबत होता. अण्णा मात्र कान देऊन ऐकत होते.

"लई घट्ट हाय की," ते मला म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

पाट्या बसल्या तेव्हा त्यांनी दुकानदाराच्या माणसांबरोबर एक स्वतः उचलली. वजन कळावं म्हणून, असं म्हणाले. पहिल्या संध्याकाळी सगळी गल्ली काळोखात बुडाली आणि आमच्या मागच्या खोल्यांत पांढरा उजेड पडला. मग उदगीरची मुलगी आपल्या कानडी हेलात मोठ्यानं वाचू लागली, बाकीच्या तिच्या मागून. शेजारच्या दोन घरांतली मुलंही वह्या घेऊन ओसरीवर येऊन बसली.

खर्च तिथंच संपला नाही. काही वर्षांत बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. ते दुकानदारानं ओझरतं सांगितलं होतं. स्कूटर राहिली ती राहिलीच. अण्णा निवृत्त होईपर्यंत सायकलवर गेले. ते घरात झोपायलाही कधी आले नाहीत. पण रोज सकाळी ओलं फडकं घेऊन गच्चीवर जायचे आणि पाट्यांवरची धूळ पुसायचे. खाली मुली क्लासला निघायच्या गडबडीत असायच्या. कुणाची वेणी राहिलेली, कुणाची चप्पल सापडत नसलेली. वरून अण्णा त्यांना सांगायचे, की आज आभाळ हाय, दिवे लवकर जातील, संध्याकाळचं दिवसाच वाचून घ्या. त्या "हाव काका" म्हणायच्या आणि पळायच्या.