नऊ नंबरची जर्सी

आमच्या क्लबच्या जर्सी लाँड्रीत जात नाहीत, समर्थकांच्या घरी जातात. मॅच संपली की कॅप्टन मैदानाच्या कडेला उभा राहून त्या वाटतो. ही तुमच्याकडे, ही तुमच्याकडे. पुढच्या मॅचला ज्यानं त्यानं आपल्या घरची जर्सी धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून आणायची. माझे मिस्टर या क्लबकडून खेळायचे तेव्हाही हेच होतं. आता त्यांचे गुडघे गेले. ते घरी बसून टीव्हीवर परदेशातल्या मॅच पाहतात आणि मैदानावर मी जाते. चार नंबरची जर्सी, म्हणजे खुद्द कॅप्टनची, कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. तिला मी सूनबाईलासुद्धा हात लावू देत नाही.

तर यंदाची सेमीफायनल. समोर कामठीची टीम, म्हणजे काय ते नागपुरात फुटबॉल पाहणाऱ्याला सांगायला नको. कामठीचे पोट्टे चालायला लागायच्या आधी बॉल मारतात. मी चहा-बिस्किटं घेऊन कठड्यावर माझी जागा धरली होती. लीगनं यंदा गणवेशाचं फारच मनावर घेतलं होतं. मोजे खाली आले, दंड. जर्सी पँटीच्या बाहेर, दंड. रेफ्रीनं दोन्ही टीम ओळीत उभ्या केल्या आणि एकेकाला वरून खालपर्यंत पाहायला लागला. आमच्या नऊ नंबरपाशी थांबला.

आमचा रंग गर्द निळा. नऊ नंबरच्या छातीवर मात्र हाताच्या पंजाएवढा पांढुरका डाग, आणि भोवती ठिपके. रेफ्री म्हणाला, हा रंग टीमचा नाही, क्लबला दंड, आणि हा मुलगा बाहेर. दुसरी जर्सी नव्हती. तो पोरगा आमचा गोल मारणारा. त्याचं तोंड एवढंसं झालं. कॅप्टन मध्ये पडला, आधी समजावून सांगितलं, मग आवाज चढला, आणि मग त्यानं रेफ्रीला आईवरून शिवी दिली. मी माझ्या कानांनी ऐकली. रेफ्रीनं मॅच सुरू व्हायच्या आधीच त्याला लाल कार्ड दाखवलं.

मॅच आम्ही जिंकलो. बदली पोट्ट्यांनी कमाल केली. पण कोणी नाचलं नाही. फायनल पाहायला एका सरकारी खात्याची माणसं येणार होती, खेळाडूंच्या कोट्यातून भरतीसाठी, आणि ती आमच्या कॅप्टनसाठीच येणार होती. वयाची अट त्याला यंदापुरतीच शिल्लक होती. बाप अंथरुणाला खिळलेला, हा दिवसभर दुसऱ्याच्या दुकानात गठ्ठे उचलतो आणि संध्याकाळी बॅकला खेळतो. फायनल खेळला तर नोकरीची आशा, त्या लाल कार्डापायी बंदी लागली तर कायमचे गठ्ठे.

मैदानासमोरच्या टपरीवर तर्री-पोह्याच्या प्लेटा समोर ठेवून आमची संसद भरली. कळमन्याचा एक संत्र्यांचा अडत्या आमच्यात आहे, आवाज असा की लिलाव चालू आहे असंच वाटावं. तो पेटला होता.

"ग्राउंडवर गवत नाही! कपडे बदलायले खोली नाही, पोट्टे झाडामांगं बदलतात. अन् यायले मोजे वर पाहिजे! काहून बाप्पा? वर्ल्ड कप हाय का?"

"मोजे वर पाहिजेतच," मी म्हटलं. "घरची धुणी वाळत घातल्यासारखं मैदानावर यायचं का? दंड बरोबर आहे. पण दंड क्लबला करा न. पोराच्या पोटावर काहून पाय देता?"

"अन् शिवी?" बँकवाले काका म्हणाले.

काका बँकेतून रिटायर झालेले, आमच्या क्लबचे सगळ्यात जुने समर्थक, आणि लीगच्या तीन माणसांच्या शिस्त समितीतले एक. आपल्याच क्लबचा निवाडा आपण कसा करावा, हे आमच्या लीगमध्ये कोणी विचारत नाही. सगळेच कोणाचे तरी आहेत. अध्यक्ष बंदीच्या बाजूचा, दुसरा खेळवा म्हणणारा. म्हणजे सगळं काकांच्या एका बोटावर येऊन थांबलं होतं, आणि ते बोट काकांनी तिथेच वर केलं.

"मी बंदीला मत देणार. आपला आहे म्हणून सोडला तर उद्या कोणत्या तोंडानं दुसऱ्याला दंड करू? टीमला एका रंगाची जर्सी सांभाळता येत नाही, कॅप्टनला जीभ सांभाळता येत नाही. ज्यानं ती जर्सी खराब केली ना, त्याला तर मैदानात पाय ठेवू द्यायला नको. निष्काळजी लोक!"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! जर्सी कोणी धुतली याबद्दल इतका वेळ मी गप्प होते, कारण कॅप्टन गप्प होता. एरवी नऊ नंबर ज्यांच्याकडे जाते त्यांच्याकडे लग्न होतं, म्हणून मागच्या वेळी ती दुसऱ्याला दिली गेली. कोणाला दिली ते मी पाहिलं होतं. मी शेजारीच उभी होते, हातात चार नंबर घेऊन.

"काका," मी म्हटलं, "काकू पुण्याला गेल्या आहेत न लेकीकडे?"

"हो. त्याचं काय?"

"मंग नऊ नंबर कोणी धुतली?"

काकांनी चमचा खाली ठेवला. "मीच धुतली. चहाचा डाग होता छातीवर. थोडी पावडर टाकली, ती पांढऱ्या कपड्यांची असते ती. डाग गेला. उलटी वाळत घातली, उलटीच घडी केली, जशी..."

तेवढ्यावर ते थांबले. जर्सी उलटीच वाळवायची आणि उलटीच घडी करायची ही आमची रीत आहे, नंबर उडू नये म्हणून. त्यामुळे सुलट बाजू त्यांनी पाहिलीच नव्हती. मैदानावर ते समितीच्या खुर्चीत, पार पलीकडे. डाग दिसला असेल, पण आपण तर डाग काढून दिली या भरवशावर तो आपला म्हणून नाही दिसला.

अडत्या हसायला लागला होता, मी डोळे वटारले तसा बसला चूप.

"तुम्हाला खात्री आहे, वहिनी?" काकांनी विचारलं.

"हाव."

"कॅप्टनला माहीत आहे?"

"त्यानंच तर तुमच्या हातात दिली होती, काका. त्यानं तिथंच ओळखलं असंल. रेफ्रीले काय सांगितलं त्यानं? धुण्यात झालं. बस, एवढंच."

काका उठले आणि स्कूटर काढून गेले. पोहे तसेच राहिले. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही वाटलं. बोलायलाच पाहिजे होतं, आणि मीच बोलायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समिती बसली. स्टँडच्या पायऱ्यांखाली लीगची खोली आहे, तिचं दार नीट लागत नाही, म्हणून आम्हा सगळ्यांना बाहेर उभं राहून सगळं ऐकू येतं. कॅप्टन आत उभा होता, शर्ट खोचून, केस ओले करून. रेफ्रीनं काय झालं ते सांगितलं, एक शब्द वाढवला नाही.

"शिवी दिली?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो. दिली. चूक झाली."

"जर्सी कशी खराब झाली?"

"धुण्यात झालं."

"कोणाच्या घरी?"

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा मायेनं. म्हणाले, बेटा, जर्सी दुसऱ्या कोणी खराब केली असेल तर तुझा राग आम्ही समजून घेऊ. नाव सांग. त्यावर आपल्याला फायनल मिळू शकते हे त्याला कळत होतं. मला त्याची फक्त पाठ दिसत होती. दारातून ओरडून सांगावं असं माझ्या जिभेवर आलं होतं.

"ते मी नाही सांगणार," तो म्हणाला. "आमच्या लोकांनी धुतली. तेवढंच लिहा."

तेव्हा खुर्ची सरकली. काका उभे राहिले होते.

"माझ्या घरी," काका म्हणाले. "माझ्या हातानं. यात मी मत देऊ शकत नाही. अन् गणवेशाचा दंड क्लबकडून घेऊ नका, माझ्याकडून घ्या."

आणि समितीची खुर्ची सोडून ते बाहेर येऊन आमच्यात उभे राहिले, माझ्या शेजारी. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही पाहिलं. आत आता दोनच माणसं उरली होती आणि दोघांची दोन तोंडं. शेवटी अध्यक्षांनी रेफ्रीलाच विचारलं, तुझं काय म्हणणं? रेफ्री तरुण माणूस होता. तो म्हणाला, "शिवी सगळ्यांसमोर दिली, माफीही सगळ्यांसमोर मागावी. मग खेळू द्या. माझी हरकत नाही."

फायनलच्या दिवशी किकऑफच्या आधी कॅप्टननं मैदानाच्या मधोमध उभं राहून, आमच्या कठड्यापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात माफी मागितली. मोजे गुडघ्यापर्यंत होते. फायनल आम्ही एका गोलनं हरलो, आणि तो एक गोल सोडला तर त्या पोरानं कोणालाही पुढे जाऊ दिलं नाही. खात्याच्या साहेबांनी त्याला बाजूला घेऊन सोमवारी कागदपत्रं घेऊन यायला सांगितलं. मी तिथेच रडले. लाज कशाची?

गर्दी पांगल्यावर काका त्याच्याजवळ गेले. मी होतेच मागे, मी कुठे जाते?

"एक विचार," काका म्हणाले. "मी उठलो नसतो अन् तुझ्या बंदीला हात वर केला असता, तरी माझं नाव सांगितलं नसतं?"

"नाही."

"काहून गा? तुझी नोकरी जात होती."

त्यानं घाम पुसला. जरा नवल केल्यासारखं काकांकडे पाहिलं.

"काका, तुम्ही धुवायलेच नेली होती न."

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.